भिंतीपलीकडची वेल

"तेवढा एक भोपळा सोडा, बाकी काय कापायचं ते कापा," मावशी भिंतीवरून म्हणाली. परसात पालथ्या घातलेल्या बादलीवर ती उभी होती आणि हनुवटी भिंतीला टेकवून पलीकडे बघत होती.

पलीकडे बॅटऱ्यांचा बंद पडलेला कारखाना होता. तिथे आता इमारती व्हायच्या होत्या, म्हणून माजलेलं रान काढायला टोळी आली होती. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, तोंडावर मुखवटे. एकजण वेलीवर पाण्याचा फवारा मारी. दुसरा, टोळीचा मुकादम, वीतभर बुंधा जमिनीत ठेवून कोयत्याने वरचं कापी. तिसरा तो पाला जाड पिशवीत घालून पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद करी. लेकीची पाठवणीसुद्धा कोणी इतक्या जपून करत नाही, असं मावशीला वाटलं.

"आधी तोंड दाखव, मग हात लाव," ती मुकादमाला म्हणाली. "वेल माझी आहे. बी मी टाकलंय."

बी तिनेच टाकलं होतं, यात खोटं काही नाही. किडकं म्हणून भिंतीपलीकडे भिरकावलं, तर वेलीने कारखान्याचं छप्पर गिळलं, धुराडं गिळलं आणि माहेरवाशिणीसारखी ती भिंतीवरून पुन्हा मावशीच्या परसात उतरली. भोपळे तरी केवढे. एक उतरवायला चार माणसं लागत, आणि पाचवा नुसता "सांभाळून, सांभाळून" म्हणायला. एक तर दारातून आत जाईना. शेवटी भोपळा बाहेरच ठेवला आणि घरातली माणसं बाहेर येऊन जेवली. पटत नसेल तर गल्लीत कोणालाही विचारा. मावशी फोडी करून घरोघर वाटायची. कोणाच्या बाळाला पहिला घास भरवायचा असला की तो तिच्याच भोपळ्याचा असे. गल्लीत तिचा शब्द खाली पडत नसे तो त्यामुळेच.

वगळलेलं घर एकच. समोरचं, धाकट्या जावेचं. दोघींचं भांडण कशावरून झालं ते दोघीही विसरल्या होत्या. अबोला मात्र नेमाने चालू होता. जावेची नातवंडं फाटकाशी येऊन टोपलीकडे बघत उभी राहायची. मावशी त्यांच्या डोळ्यांदेखत टोपली घेऊन शेजारच्या दारात वळायची.

"काकू, या मातीत शिसं आहे," मुकादम मुखवट्याआडून म्हणाला. "म्हणून तर पाणी मारतोय, धूळ उडू नये. मुळं उपटत नाही, पाला जाळत नाही. जाळला तर धूर तुमच्याच घरात शिरेल. हा भोपळासुद्धा पिशवीतच जाणार." मग त्याचा कोयता हातातच थांबला. "यातला कोणी खाल्ला तर नाही ना?"

"छे," मावशी म्हणाली. "शोभेला ठेवतो आम्ही."

"मग बरं झालं. नाहीतर सगळ्यांचं रक्त तपासावं लागलं असतं. पोरांचं आधी. अंगात साठत जातं ते, वरून कळत नाही. वेळेवर सापडलं तर इलाज होतो."

मावशी बादलीवरून उतरली आणि घरात आली. आपण नुसतं छे म्हटलंय, ती स्वतःला सांगत होती, कोणाला मारलेलं नाही. ओट्याखाली तिची नात बसली होती. कालच्या भाजीतली शेवटची फोड मुठीत धरून ती चवीने चोखत होती. मावशीने मूठ उघडून फोड काढून घेतली. नातीने भोकाड पसरलं. मावशीने तिला कडेवर घेतलं, पण समजूत कशी काढायची ते तिला सुचेना. आजवर ती भोपळ्याची फोड देऊनच समजूत काढत आली होती.

नातीला तशीच घेऊन ती पुन्हा बादलीवर चढली.

"अहो मुकादम," ती म्हणाली. "सगळ्यांनी खाल्लाय. मीच वाटलाय."

मुकादमाने फवारा बंद करायला लावला. "मग घरोघर जा, काकू. आत्ताच."

ती गेली. ज्या दारांतून टोपली घेऊन हसत शिरायची, त्या दारांत रिकाम्या हाताने उभी राहिली. एका घरात आईने तिच्यादेखत मुलाला ओढून मागे घेतलं. एका घरात दार लागलं, तेही सावकाश, आवाज न करता. शिंप्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने विचारलं, "मावशी, पाणी देऊ का?" ते सगळ्यात जड गेलं. मान वर करून बघावं असं एकही दार मागे राहिलं नाही.

मग तिला समोरचं घर दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या खुनशीपणाचं बरं वाटलं.

जाऊ उंबऱ्यातच उभी होती. मावशीला दारोदार फिरताना तिने पाहिलं होतं.

"सगळीकडे जाऊन आलात," जाऊ म्हणाली. "आमच्याकडे काय काम काढलंत?"

"काम काही नाही. माझा भोपळा विषारी निघाला. तुझी नातवंडं तेवढी वाचली, एवढंच सांगायला आले." मावशी म्हणाली. "तुला कधी फोड दिली नाही, तेवढीच एक गोष्ट माझ्या हातून चांगली झाली."

जावेने दाराची चौकट धरली. आत मुलं कशावरून तरी खिदळत होती.

"जाऊबाई, तुम्ही देत नव्हतात म्हणून गल्लीला आमची दया यायची," ती हळू आवाजात म्हणाली. "प्रत्येक घर आपल्यातली एकेक फोड आमच्याकडे पाठवायचं."