एकच चिप बंद

“ऋता, ही डबी बाहेर कुणाशी तरी बोलतेय गं.”

पोळी तव्यावर तशीच टाकून ऋता धावत आली. परेशच्या मोबाइलवर राउटरचं पान उघडं होतं. घरातलं कुठलं यंत्र इंटरनेटवर कधी काय पाठवतं, ते त्यात दिसायचं. टीव्ही, दोघांचे फोन आणि समूच्या पाळण्यावर लावलेली डबी.

“शक्यच नाही. भाऊंनी बनवलीय ती.”

“मग भाऊंनाच विचार ना. दुपारचं जातंय काहीतरी. रोज नाही, पण जातंय. आणि पोळी करपतेय तुझी.”

“करपू दे!”

समू आठ महिन्यांची होती. बारशाला परेशच्या ऑफिसातल्यांनी तिच्यासाठी झकास कॅमेरा दिला होता. बाळ रडलं की आईच्या फोनवर चित्र आणि आवाज. सगळे खूश. एकट्या ऋताने त्याच्या अटी शेवटपर्यंत वाचल्या. ‘आवाज उत्पादन सुधारण्यासाठी वापरला जाऊ शकतो.’ तिने कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, आतमध्ये काय आहे ते आम्हालापण माहीत नसतं.” त्याच दिवशी कॅमेरा माळ्यावर गेला.

“माझ्या लेकीचं रडणं कुठे साठतंय, ते मला कळायला नको?” ती परेशला म्हणाली होती.

मग भाऊ पुढे आले. भाऊ म्हणजे ऋताचे वडील. अंधेरीच्या एका कारखान्यात जन्मभर इलेक्ट्रॉनिक्सचं काम करून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून गोरेगावात एकटेच राहायचे. जेवायच्या टेबलावर अर्ध्या भागात ताट, अर्ध्या भागात सर्किट बोर्ड. त्यांनी नातीसाठी एक डबी बनवली. तिला कॅमेरा नव्हता, फक्त कान होता; समू रडली की ऋताचा फोन वाजायचा. बोर्डाचा आराखडा कुणालाही बघता येईल असा, आणि कोड भाऊंनी स्वतः लिहिलेला.

“सगळं उघडं आहे,” डबी लावताना ते म्हणाले होते. “कोड तुझ्या लॅपटॉपवर टाकलाय. वाच. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नकोस.”

“तुमच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर, भाऊ?”

“तसं नाही. वाच तू. एकच चिप बंद आहे, वाय-फायची. तिच्या आतला कोड कंपनीचा, तो आपल्याला वाचता येत नाही. तिथे माझंही काही चालत नाही.”

ऋता कॉम्प्युटर सायन्सची पदवीधर. समू व्हायच्या आधी चार वर्षं कोडच लिहीत होती. तरी ती फाइल तिने उघडली नाही. आपल्या बापाचं अक्षर कुणी तपासतं का?

“ती चिपच असणार,” आता ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

“अगं, जाऊन जाऊन जाणार काय? समूचं बोबडं बोलणंच ना? ऐकू दे त्यांना,” परेश हसला.

ऋता हसली नाही. दुपारी त्या खोलीत आणखी काय ऐकू येतं, ते तिचं तिलाच ठाऊक होतं. समू झोपली की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. उठताना उशी उलटी करून ठेवायची. परेशला नाही, भाऊंना नाही, कुणालाच त्यातलं काही कळायला नको होतं. एवढं गोंडस बाळ, समजूतदार नवरा, हाकेच्या अंतरावर वडील. कुणाला काय सांगणार?

आणि भाऊ तर हल्ली नातीसाठी वेडेच झाले होते. कुठल्याही दुपारी दारात उभे. कधी ताजी मांदेली, कधी नुसती दोन केळी. “इथूनच चाललो होतो,” म्हणायचे. त्यांच्या वाटेवर ऋताचं जोगेश्वरीतलं घर कुठून आलं, ते देव जाणे. चपला काढल्या की आधी समूला उचलायचे आणि ऋताला पिटाळायचे. “जा तू, डोक्यावरून अंघोळ कर. सावकाश कर. आम्ही दोघं बघतो इकडचं.”

“नातीशिवाय करमत नाही म्हाताऱ्याला,” परेश चिडवायचा.

ऋताने भाऊंना फोन लावला. सगळं सांगितलं.

मग भाऊंनी विचारलं, “कोड वाचलास?”

“कोडचं काय मध्येच? तुमच्या कोडमध्ये काही नसणार. ती बंद चिप चोरटी आहे.”

“असेल. तरी वाच.”

“डबी काढून टाकू का?”

“तुझं घर आहे, बाळ. पण आधी वाच.”

रात्रभर तिला नीट झोप लागली नाही. सकाळी परेश ऑफिसला गेला तशी तिने डबीची वायर उपटली आणि लॅपटॉप घेऊन बसली. चिप बनवणाऱ्या कंपनीला ती अशी काही तक्रार लिहिणार होती की बस! ‘आमच्या बाजूचा कोड स्वच्छ आहे’ असं लिहिलं, आणि बोटं थांबली. न वाचता कसं लिहायचं? तिने भाऊंची फाइल उघडली.

कोड सुरेख होता, भाऊंच्या इस्त्रीच्या शर्टासारखा. आधी आवाज किती मोठा आहे ते मोजणं. मग तो किती बारीक आहे ते मोजणं, म्हणजे बाळाचा कुठला आणि मोठ्या माणसाचा कुठला ते वेगळं करता येईल. पुढे फोन वाजवणं. ते दोन ठिकाणी होतं. पहिला नंबर तिचा. दुसरा वाचून ती फाइलमध्ये पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. आवाज कुठेच पाठवला जात नव्हता. नुसती घंटी वाजत होती, गोरेगावात.

त्या सगळ्याच्या वर भाऊंनी, वाचणाऱ्याला नीट कळावं म्हणून, साध्या मराठीत दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या:

‘समू रडली तर ऋताला कळव.
ऋता रडली तर मला.’