लांबट की गोल?

"बाई, मघाशी जांभळासारखं लांबट होतं, आता बोरासारखं गोल झालं!" संगणकातला आकार हाताला जाणवून देणारा स्पर्शमोजा चढवून अणुकेंद्रक चाचपणारी अंध केतकी कुरकुरली.

ढवळेबाई वैतागल्या. संगणकावर लांबट ठेवावं, तर केंद्रक एकाच दिशेला टोक करून बसे. निसर्गाला तर सगळ्या दिशा सारख्या. सगळ्या दिशांचे आकार एकात मिसळावेत, तर लांबटपणाच हरवे. सकाळपासून ही पाचवी खेप! आज जमलं नाही, तर अंधशाळेला चाचणीपुरते मिळालेले हे मोजे उद्या परत जाणार होते.

"गोलच समज आता!"

"कसं समजू? ते गरगर फिरतंय, हाताला कळतंय. अगदी गोल असतं, तर फिरलेलं कळलं असतं का, बाई?"

म्हणजे दिशा मिसळूनही लांबटपणा हरवत नव्हता, फिरण्यातून कळत होता! बाईंनी मोजे परत करण्याचं अर्धवट लिहिलेलं पत्र टरकावलं.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या, "सावकाश. लिहून घेते."