मुठीतली अंगठी

घराण्याची अब्रू राखावी की लेकीचा जीव, हा प्रश्न उभा राहताच माणसाला आधी अब्रू दिसते. पद्माकररावांचेही तसेच झाले.

त्यांच्या लेकीच्या, ऋजुताच्या शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाने विचारले, "रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीचा त्रास झाला होता?"

शेजारी होणाऱ्या विहीणबाई बसल्या होत्या; ऋजुताने उतरवलेली साखरपुड्याची अंगठी त्यांच्या मुठीत होती.

"कुणालाच नाही," लग्न मोडेल या भीतीने पद्माकरराव उत्तरले.

"खोटं बोलू नकोस, दादा!" सोबत आलेली त्यांची बहीण कळवळली. "आपला धाकटा भाऊ वसंता भूल देताच ताठरला, तापला आणि टेबलावरच गेला."

भूलतज्ज्ञ दचकला. "स्नायूंत कॅल्शियम सोडणारी दारं असतात. ती उघडली की स्नायू आकसतात, मिटली की सैलावतात. तुमच्या घराण्यात नेहमीच्या भुलीने ती उघडीच राहत असावीत. वेगळ्या औषधाची भूल देऊ."

पद्माकररावांची नजर त्या मुठीवर खिळली. ती सारखी उघडत, मिटत होती.

"एवढं लपवायचं होतं, तर मला चहाला पाठवायचं, व्याही!" विहीणबाई म्हणाल्या. "पोर जगली तरच सून होईल ना? शुद्धीवर आली की मीच अंगठी घालीन."

खरं बोलणारीला आणि ते ऐकूनही उठून न जाणारीला, दोघींना ईश्वर उदंड आयुष्य देवो.