आमच्या संघात कोणी आलं नाही

"संपली खेळाडू बदलायची मुदत! शेजारच्या गावाने दोन चढाईपटू आणले आणि आपलं कबड्डी मंडळ झोपलेलंच!" भाऊजींनी मोबाइल आपटला.

सोमवार सोडण्याआधी मी देवापुढची साखर त्यांच्या हातावर ठेवली. "तोंड गोड करा."

"कसलं गोड, वहिनी? नव्या चढाईपटूसाठी मी महादेवाला नारळ बोललो होतो!"

ओसरीवर हे सरावाला निघताना दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधत होते. नवा कोणी आला असता, तर यंदा यांनाच बाहेर बसवणार होते.

"मीही त्याच महादेवाला सांगितलं होतं," मी हळूच म्हटलं, "कोणी येऊ नये म्हणून."

भाऊजींनी ओसरीकडे पाहिलं. मग साखर तोंडात टाकली.

"उद्या नारळ फोडूनच येतो, वहिनी. दादाच्या गुडघ्यासाठी."