आतला संगणक

"मामा, तुम्ही नक्की काहीतरी दाबलंत," भाचा तिसऱ्या रविवारीही म्हणाला.

"दाबलं असेल."

माझा वीस वर्षांचा बोलीकोश जुन्या प्रोग्रॅममध्ये अडकला होता. त्यासाठी भाच्याने माझ्या संगणकात एक आभासी, म्हणजे प्रोग्रॅमनेच उभा केलेला, संगणक आणि त्याच्या आत तो जुना प्रोग्रॅम चालवणारा दुसरा बसवला होता. आतला सुरूच होईना.

माहितीपुस्तिका मी दोनदा वाचली होती. बाहेरचा आभासी संगणक पूर्ण बंद करून त्याला आत दुसरा चालवण्याची परवानगी द्यायची असते. सेटिंगमधल्या चौकटीत तेवढी एक खूण करायची राहिली होती. पण कंपनीत हेच शिकवणाऱ्याला मी कसं सांगणार?

तो चहाला उठला. मी बंद केलं, खूण केली, चालू केलं. कोश उघडला.

"बघितलंत?" परत येऊन तो म्हणाला. "तुम्ही हात लावला नाहीत की कसं चालतं!"

"खरंय," म्हणत मी पुस्तिका उशीखाली सरकवली.