सगळं नवं

रंगूबाईने तवा उलटा करून बोटाने वाजवला, कान लावून ऐकला आणि दुकानदाराच्या पुढ्यात परत सरकवला.

"दुसरा दाखवा, शेटजी. हा तडकला हाय."

कैलासचंदने मुकाट्याने दुसरा काढला. वाशीमच्या बाजारात त्याचं भांड्यांचं आणि किराण्याचं मिळून एकच दुकान होतं, आणि या गिऱ्हाइकाला तो चांगला ओळखून होता. नवरा गेल्यापासून रिठदच्या या बाईने शेत, बैल आणि सालदार एकटीने हाकले होते. कपाळ मोकळं, हात रिकामे, पण ती बाजारात उतरली की भल्याभल्यांची डाळ शिजत नसे.

तिचा मुलगा रामकिसन मागे तोंड पाडून उभा होता.

"घरी दोन तवे हायत, माय. एक आणला असता त काय बिघडलं असतं?"

"रिठदची एक पळीबी इथी येणार नाही," रंगूबाई म्हणाली. "शेटजी, आता मीठ. अन् हळद गाठीची द्या. तुमची दळलेली माहीत हाय मले."

महिन्यापूर्वीच रामकिसनचं लग्न झालं होतं. बायको, विजयमाला, आसेगावला माहेरी होती आणि सोमवारी नांदायला यायची होती. आणि नेमक्या आताच मायने इथे कापसाच्या बाजारामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. कोणासाठी, ते बोलली नव्हती. बोलायचं राहिलं होतं तरी काय? सून उंबरठा ओलांडण्याआधीच सासूने तिची चूल वेगळी मांडली होती. विहिरीवरचं शेत हातचं जाणार होतं. त्या शेतातली ढेकळं फोडण्यापलीकडे रामकिसनला दुसरं काही येत नव्हतं. वाशीमात राहून काय कापसाच्या जिनातली सरकी उपसायची?

"कुंकू द्या," रंगूबाई म्हणाली. "अन् थो लाकडी करंडा."

"सुनेले वाटते?" कैलासचंद हसला.

"घरात लागते."

तिने कमरेची पिशवी सोडून पैसे दिले. ते तुपाचे पैसे होते, तिच्या भावाने दिलेल्या म्हशीच्या तुपाचे. शेताच्या उत्पन्नाला तिने बोट लावलं नव्हतं. रामकिसनला ते पाहून आणखीच राग आला. पोटच्या पोरासाठी एवढी काटकसर!

दुकानाच्या पायरीवर त्याचा बांध फुटला. "आमाले घराबाहेर काढून राह्यली, अन् तेबी मोकळ्या हातानं! आपल्या गावच्या कमलीबाईनं नवरा मेल्यावर दुसऱ्याशी पाट लावला, तिले पहिल्या नवऱ्याच्या घरचा चमचा नेऊ देला नाही लोकाइनं. थे रीतच हाय. पण मी त तुह्या पोटचा हाय ना?"

"रीत मले नको शिकवू. थे पोतं उचल."

सामान न्यायला जगदेव गाडीवान आला होता. माणूस वाशीमचाच, एकटा जीव सदाशिव. रिठदचा कापूस वर्षानुवर्षं त्याच्याच गाडीतून बाजारात यायचा. बोलायला कमी आणि ओझं उचलायला पुढे, असा त्याचा स्वभाव होता. त्याने सामान आत नेलं, पाण्याच्या माठाखाली वीट नीट बसवली, चुलीसमोरची जागा झाडून घेतली. गाडीवानाच्या अंगात एवढा उरक रामकिसनने कधी पाहिला नव्हता.

रंगूबाई घरमालकिणीच्या तोऱ्यात मधोमध उभी होती. जातं या कोपऱ्यात, पाटा त्या भिंतीशी. एकदा बोललेलं तिला दुसऱ्यांदा बोलावं लागत नव्हतं.

"मिठाचा डबा कुठी ठेवू?" जगदेवने विचारलं.

"तुमच्या हाताले लागन तिथी."

त्याने डबा वरच्या फळीवर ठेवला.

"विजयमालेचा हात तठी पुरणार नाही," रामकिसन फणकारला.

"पुरायचं काम नाही," रंगूबाई म्हणाली आणि नव्या मडक्यांची उतरंड रचू लागली.

रामकिसनने हातातला लोटा खाली ठेवला.

"माय, काय चुकलं माह्यं? एवढं त सांग."

रंगूबाईचे हात थांबले. पोरगा इतके दिवस मनात काय घेऊन फिरत होता, ते तिच्या आत्ता ध्यानात आलं, आणि तिचं काळीज हललं. तिने कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"रिठदच्या घराची हाय. सोमवारी विजयमाला आली का तिच्या हाती दे. जातं, उतरंड, दोन्ही तवे, विहिरीवरचं शेत, सारं तुमा दोघाइचं. तुह्या बापाचं हाय थे. आजवर म्या जपलं, आता तुमी जपा."

रामकिसन किल्लीकडे बघतच राहिला. शेत राहिलं होतं, घर राहिलं होतं. मायला मनातल्या मनात काय काय बोललो, ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने मान वर केली.

"मंग इथी कोण राह्यन?"

ती काही बोलणार तोच दारात खोकल्याचा आवाज आला. बाजारातला लखीराम कासार बांगड्यांची पेटी उतरवून घाम पुसत होता.

"जगदेवभाऊ, टायमावर आलो का नाही? हिरवा चुडा आणला हाय, तुमी सांगतला तसा. नवरी कुठी हाय?"

जगदेवने मान खाली घातली आणि जमिनीवर एक स्वच्छ पोतं अंथरलं.

रंगूबाई त्यावर बसली, पदर सावरला आणि आपले दोन्ही हात पुढे केले.