कधीपासून बंद?

शहाण्णव साल. कुंभकोणमच्या एका कॉलेजात सेतुरामकाका दर शुक्रवारी कॉम्प्युटरवर बसून अमेरिकेतल्या लेकाला पत्र धाडत. अकरा महिन्यांत विजयराघवचं उत्तर एकदाही आलं नव्हतं.

आज लॅब सांभाळणाऱ्या तुळसीने त्यांच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, लिहायच्या एडिटरच्या आत चालणारा, आज्ञा पुढे पोचवणारा हा शेल मेलाय, बंद पडलाय. तुम्ही लिहिता ते नुसतं इथे उमटतं. पत्र पाठवायची आज्ञा पुढे जातच नाही."

काकांचा चेहरा घासलेल्या समईसारखा उजळला. "अय्यो, म्हणून गे! लेकरू तिकडे माझ्या पत्राची वाट बघतंय, आणि मी वेडा इथे त्याच्यावर रुसलो. त्याच्या आईला, लक्ष्मीदेवीला, आधी सांगतो, ती जेवेल तरी नीट. कधीपासून मेलाय गे हा?"

तुळसीने नवा शेल सुरू केला, गेलेल्या पत्रांची यादी काढली आणि वरपासून खालपर्यंत वाचली.

"अकरा महिने झाले, काका," ती म्हणाली, आणि स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवली.



यादीत सत्तेचाळीस पत्रं होती, सगळी पोचलेली. शेल आज सकाळीच मेला होता.